चांगला गेम आपोआप खपतो का?

गेम बनवणाऱ्या मुलांकडून मी दोन वाक्यं नेहमी ऐकतो. पहिलं, "गेम चांगला असेल तर चालणारच." दुसरं, "सगळा मार्केटिंगचा खेळ आहे, पैसा ओतला की काहीही चालतं." गंमत म्हणजे पुष्कळदा ही दोन्ही वाक्यं बोलणारा एकच असतो. पहिलं वाक्य गेम दुकानात लागायच्या आधीचं, दुसरं लागल्यानंतर महिन्याभरानं.

या ब्लॉगवर मी एरवी सांख्यिकीतलं संशोधन सोपं करून सांगतो. आज त्याच चष्म्यातून ही दोन वाक्यं तपासायची आहेत. कारण नांदेड-लातूरकडची इंजिनिअरिंगची, बीसीएची पोरं आता नुसती गेम खेळून थांबत नाहीत, स्वतः बनवायला बसतात. त्यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं. घरच्यांचा पैसा जातो आणि त्यांचा धीरही संपत येतो. एवढं सगळं चुकीच्या समजुतीवर उभं राहिलं तर होणारं नुकसान खरंखुरं असतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: दोन्ही वाक्यं चूक आहेत, पण दोन्ही सारख्याच प्रमाणात चूक नाहीत. नेमकी किती, हे २००६ सालच्या एका प्रयोगात फार स्वच्छ दिसतं. तिथपर्यंत जाऊ, पण आधी ज्या दुकानाबद्दल बोलतोय ते समजून घेऊ.

दुकान आणि आडत

संगणकावरचे गेम विकणारं जगातलं सगळ्यात मोठं ऑनलाइन दुकान म्हणजे स्टीम. व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीनं ते २००३ साली सुरू केलं. सुरुवातीला कोणता गेम आत घ्यायचा हे बहुतांशी कंपनीच ठरवायची. २०१२ साली ग्रीनलाइट आलं, म्हणजे खेळणाऱ्यांनी मत द्यायचं आणि त्यावरून गेमची निवड व्हायची. जून २०१७ मध्ये तेही बंद झालं. आता दर गेममागे १०० डॉलर भरायचे, कागदपत्रं द्यायची, ठरलेले दिवस थांबायचं, जुजबी तपासणी झाली की दार उघडं. गेमची विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते १०० डॉलर परतही मिळतात.

ही चांगलीच गोष्ट झाली. उदगीरच्या किंवा देगलूरच्या मुलाला आता कुणाच्या शिफारशीची गरज नाही. पण दार उघडलं की गर्दी होणारच. २०२४ या एका वर्षात स्टीमवर १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. दिवसाला सरासरी पन्नास. आपल्याकडे मोंढ्यात आवक वाढली की काय होतं ते सांगायला नको. माल सगळ्यांचा उतरतो, पण खरेदीदार कोणत्या ढिगापुढे थांबतो हा प्रश्न वेगळाच असतो.

आणि आडत? ती ३० टक्के. समजा तुम्ही गेम भारतात ५०० रुपयांना लावला. त्यातच १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, तो काढला की साधारण ४२४ रुपये उरतात. त्यातून दुकानाचे ३० टक्के गेले की २९७. पुढे सेलमध्ये निम्म्या भावात विकलात तर हाच आकडा दीडशेच्या खाली येतो. त्यात कुणी परत केला तर तेही वजा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गिऱ्हाइकाला पैसे परत मिळतात. "माझे मित्र तरी घेतील की" या हिशोबावर हे गणित जमत नाही, अनोळखी माणसंच लागतात. म्हणून मार्केटिंगचा प्रश्न येतो.

फलकावर छेद नसतो

आता मार्केटिंग शिकायचं कुठून? इंटरनेटवर सल्ल्यांची रेलचेल आहे. "मी पहिल्याच महिन्यात अमुक प्रती कशा विकल्या", "आमचा व्हिडिओ कसा व्हायरल झाला", "विशलिस्ट वाढवायचे सात मार्ग". विशलिस्ट म्हणजे "हा गेम आला की मला कळवा" अशी गिऱ्हाइकानं केलेली खूण.

हे सगळं वाचताना मला लातूरचा ट्यूशन एरिया आठवतो. त्या भागातून एकदा चालत जा. जिकडे पाहावं तिकडे फलक. पासपोर्ट फोटोंच्या रांगाच रांगा, प्रत्येकाखाली नीटचे किंवा जेईईचे गुण, खाली क्लासचं नाव आणि सरांचा हसरा चेहरा. आता नांदेडही त्यात मागे नाही. या फलकांवरचं काही खोटं असतं असं मी म्हणत नाही. फोटो खरे, गुण खरे, पोरांनी केलेला अभ्यासही खरा. पण फलकावर एक आकडा कधीच नसतो, तो म्हणजे त्या वर्षी एकूण किती मुलं बसली होती. अंश दाखवतात, छेद लपून राहतो. आणि छेदाशिवाय अपूर्णांकाला अर्थ नसतो हे आपण पाचवीतच शिकलोय.

यशस्वी गेमच्या गोष्टींचंही तेच आहे. ज्यानं "रोज सोशल मीडियावर एक क्लिप टाकत गेलो आणि गेम चालला" असं लिहिलं, त्याच्यासारख्याच रोज क्लिपा टाकून ज्यांचे गेम पडले त्यांनी लेख लिहिलाच नाही. लिहिला तरी तो तुमच्यापर्यंत पोचला नाही. सांख्यिकीत याला टिकून राहिलेल्यांचा पूर्वग्रह म्हणतात. उरले तेवढेच मोजायचे आणि त्यांच्या सवयींना यशाचं कारण ठरवायचं. ती सवय उपयोगाची असेलही, पण फलक पाहून ते ठरवता येत नाही.

"फलकाबाहेरचे हुशार नव्हते, त्यांचे गेम टुकार होते" असं कुणी म्हणेल. काही खरंच टुकार असतात. पण सगळे? इथे तो प्रयोग कामाला येतो.

अठ्ठेचाळीस गाणी, आठ दुनिया

प्रयोगाआधी एक छोटा खेळ. डब्यात एक लाल आणि एक पिवळी गोटी टाका. डोळे मिटून एक काढा. लाल आली तर ती परत टाका आणि सोबत आणखी एक लाल टाका. पिवळी आली तर पिवळी. असं हजार वेळा करा. सुरुवातीला प्रमाण भराभर हलतं, मग हळूहळू एका जागी स्थिरावतं. ते कुठे स्थिरावेल? पोल्या या हंगेरियन गणितज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या खेळाचं उत्तर असं की कुठेही, आणि प्रत्येक प्रमाणाची शक्यता सारखीच. तुमच्या डब्यात ८० टक्के लाल झाल्या, माझ्या डब्यात ३० टक्के. नियम एकच होता, सुरुवात एकच होती. पहिल्या दहा-बारा वेळा काय हाताला लागलं, त्यावर पुढचं सगळं वळलं. ज्याच्या डब्यात लाल जिंकली तो उद्या "लाल गोटीच्या यशाचं रहस्य" असा लेख लिहील, आणि त्याला तो मनापासून खरा वाटेल.

अर्थात गोट्यांना गुणवत्ता नसते, गेमला असते. मग गुणवत्ता अधिक गर्दी, असं मिश्रण झालं की काय होतं? हे मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी तपासलं. त्यांचा शोधनिबंध २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यांनी अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. एकूण १४,३४१ जण आले. त्यांना न कळवता, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं, गटांत वाटलं. एका गटाला फक्त गाण्याचं आणि बँडचं नाव दिसायचं. ऐका, आवडलं तर उतरवून घ्या. बाकीच्यांच्या आठ वेगवेगळ्या 'दुनिया' केल्या. त्यांत प्रत्येक गाण्यापुढे आकडा दिसायचा: आपल्याच दुनियेतल्या किती जणांनी हे गाणं आधी उतरवून घेतलंय.

पहिल्या गटात कुणी कुणाचं पाहत नव्हतं, म्हणून तिथली पसंती ही गाण्याची गुणवत्ता मानली. आता निकाल बघा. एक, आकडे दिसू लागले की विषमता वाढली. चाललेली गाणी फारच चालली, पडलेली फारच पडली. गाणी लोकप्रियतेच्या क्रमानं लावली तेव्हा तर ती आणखी वाढली. दोन, आठही दुनियांत तीच गाणी, तशाच तऱ्हेची माणसं, तरी विजेते वेगवेगळे निघाले. गुणवत्तेत ४८ पैकी २६ व्या क्रमांकावर असलेलं एक गाणं एका दुनियेत पहिलं आलं आणि दुसरीत चाळिसावं. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं.

आता आपली दोन वाक्यं परत तपासा. "चांगला असेल तर चालणारच" हे फार थोड्या, अगदी टोकाच्या उत्तम कलाकृतींबाबत जवळपास खरं. पण पहिलाच गेम बनवणारा विद्यार्थी प्रामाणिकपणे बघितलं तर कुठे बसतो? मधल्या पट्टीत. तिथे चांगला असणं ही आत शिरायची पात्रता झाली, निकालाची हमी नव्हे. आणि "पैसा ओतला की काहीही चालतं" हे तर प्रयोगानंच खोडलंय. धक्का देऊन वाईट गाणं वर टिकत नाही. यातल्या दोघांनी पुढे २००८ साली आणखी एक प्रयोग छापला. त्यात मुद्दाम क्रमवारी उलटी केली, तळाचं गाणं पहिलं म्हणून दाखवलं. काही गाण्यांना त्या खोट्या लोकप्रियतेचा खरा फायदा झाला. पण सर्वोत्तम गाणी हळूहळू परत वर चढली. आणि त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे उलट्या यादीच्या दुनियेत लोकांनी एकूणच कमी गाणी उतरवून घेतली. खोट्या शिफारशीनं अख्ख्या बाजाराची भूक मेली.

प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. गाणं तीन-चार मिनिटांचं आणि तिथे फुकट होतं. गेमला पैसे आणि तास दोन्ही द्यावे लागतात. शिवाय स्टीम प्रत्येकाला वेगळी यादी दाखवतं, आधी काय खेळलात त्यावरून. त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. पण यंत्रणा तीच आहे: सुरुवातीचा छोटा फरक पुढे फुगत जातो.

पुण्याच्या 'राजी'चं काय झालं

आता जवळचं उदाहरण. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओनं 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. प्राचीन भारत, असुरांनी पळवून नेलेला लहान भाऊ गोलू, त्याला शोधायला निघालेली त्याची बहीण राजी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. भिंतीवरची चित्रं पहाडी शैलीची आठवण करून देणारी, महाल आणि गड राजस्थानी वळणाचे.

२०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ती मोहीम फसली, ठरलेली रक्कम जमली नाही. पुढे १८ ऑगस्ट २०२० रोजी निंटेंडोच्या इंडी वर्ल्ड या ऑनलाइन कार्यक्रमात राजी झळकली आणि त्याच दिवशी स्विचवर विकायला आली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती स्टीमसह बाकी ठिकाणी पोचली. वर्षअखेरीस 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्कृष्ट गेमसाठी तिला नामांकन मिळालं.

ही गोष्ट आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली जाते. एक, जिद्दीची कथा. दोन, "भारतीय संस्कृती विकली म्हणून चाललं." दोन्हींत छेद नाही. २०१७ ची राजी आणि २०२० ची राजी यांत कल्पना तीच होती, संस्कृतीही तीच. मधल्या काळात काम पुष्कळ पुढे गेलं, हे खरंच. पण दुसरा मोठा फरक म्हणजे लाखो लोक एकाच वेळी बघत असलेल्या खिडकीत तिला जागा मिळाली. पहिल्या दहा-बारा गोट्या तिच्या रंगाच्या निघाल्या. यात तिचं श्रेय कमी होत नाही. त्या खिडकीत उभं राहण्याजोगं काम तिच्याकडे तयार होतं. पण खिडकीचं श्रेय निव्वळ जिद्दीला देऊन टाकलं तर पुढच्या मुलाला आपण चुकीचा धडा देतो.

त्याच विभागात त्या वर्षी जिंकला तो 'फॅस्मोफोबिया'. सुरुवातीला एकाच माणसानं बनवलेला, पूर्ण व्हायच्या आधीच सप्टेंबर २०२० मध्ये स्टीमवर ठेवलेला. चौघांनी मिळून भुताच्या घरात शिरायचं आणि भूत कोणत्या जातीचं ते ओळखायचं. लोकांनी तो खेळतानाचे व्हिडिओ थेट दाखवले, बघणारे दचकले, हसले आणि विकत घ्यायला गेले. इथे जाहिरात गेमच्या बाहेर नव्हतीच, मित्र घाबरताना बघण्यातली मजा हीच जाहिरात. हे दरेक गेमला जमणार नाही, जमवायचा अट्टहासही करू नये. पण "माझा गेम दुसऱ्याला खेळताना बघण्यात काय आहे?" हा प्रश्न कोड लिहायच्या आधी विचारता येतो.

राजीबद्दल माझी एक तक्रार मात्र आहे, आणि ती विक्रीशीच जोडलेली आहे. नावातच 'एपिक' आहे, महाकाव्य. गेम साधारण पाच-सहा तासांत संपतो आणि कथा अध्यात सोडून संपतो. म्हणजे नाव महाकाव्याचं, हातात एकच कांड. चित्रं, वास्तू, संगीत यांचं कौतुक करणाऱ्या अनेक समीक्षकांनी नेमकं शेवटावर बोट ठेवलं. लहान असणं हा दोष नाही. मोठं असल्याचं वचन देऊन लहान निघणं हा दोष. पाटीवरचा शब्द मालापेक्षा मोठा झाला की गिऱ्हाइकाला माल आहे त्याहून लहान वाटतो.

दुसरी गोष्ट भाषेची. बाजारात आली तेव्हा राजी इंग्रजी बोलत होती. पूर्ण हिंदी आवाज २०२२ च्या सुधारित आवृत्तीत आले. यात स्टुडिओला दोष देणं सोपं आहे, पण मी दुकानाकडे बघतो. स्टीमची स्वतःची पानं जवळपास तीस भाषांत वाचता येतात, त्यांत हे लिहीपर्यंत एकही भारतीय भाषा नाही. दुकानाची पाटीच ज्या भाषेत नाही त्या भाषेत माल आधी कोण मांडेल? भाषेचा निर्णय वरवर कलेचा दिसतो, पण तो आधीच बाजारानं घेतलेला असतो.

दुष्काळ कसा विकायचा

मग आपल्या मातीतलं काही करूच नये का? करावं. पण कसं मांडायचं, यावर सगळं आहे. टोरांटोमध्ये बनलेला 'वेन्बा' हा गेम बघा. २०२३ साली आला. कॅनडात स्थायिक झालेलं तमिळ कुटुंब आणि आईची फाटकी, शाई उडालेली पाककृतींची वही. तुम्ही इडली करायची, पुट्टू करायचं, आणि वहीत पुसलेली पायरी स्वतः ओळखायची. २०२४ मध्ये त्याला पदार्पणाचा बाफ्टा मिळाला. तो पूर्णपणे तमिळ आहे, पण इडली कधी न खाल्लेल्या माणसालाही पहिल्या ओळीत कळतं की आपल्याला इथे स्वयंपाक करायचाय.

आता आपण एक काल्पनिक गेम घेऊ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या घरात, म्हणजे माणशी सव्वा लिटर. समजा लातूरच्या चार पोरांनी यावर गेम केला. दुकानाच्या पानावर थोडक्यात वर्णन लिहायला साधारण ३०० अक्षरांची जागा असते. तिथे काय लिहाल?

पहिला नमुना: "मराठवाड्याच्या तहानलेल्या मातीतून आलेली, काळजाला हात घालणारी एक संघर्षगाथा. आमच्या छोट्या टीमनं दोन वर्षं मेहनत घेऊन बनवलेली."

दुसरा नमुना: "शहरात पाणी नाही. रोज एक रेल्वे येते आणि माणशी सव्वा लिटर देऊन जाते. टँकर आधी कोणत्या गल्लीत जाणार ते तुम्ही ठरवा. आणि संध्याकाळी उरलेल्या गल्ल्यांना तोंड द्या."

पहिल्यात बनवणारा स्वतःबद्दल बोलतोय. दुसऱ्यात खेळणारा काय करणार ते आहे. पहिला नमुना आपल्या दुष्काळाची दया मागतो, दुसरा खेळणाऱ्याला दुष्काळातल्या निर्णयाला उभा करतो. व्यवस्थापनाचे गेम आवडणारा ब्राझीलचा किंवा पोलंडचा माणूस दुसऱ्यापाशी थांबेल, कारण त्याला आपला प्रकार ओळखू येतो. आणि त्याला लातूर कळेल ते खेळता खेळता, भाषणातून नव्हे. माझ्या मते हा नुसता विक्रीचा मुद्दा नाही. ज्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगा लागल्या, तो उन्हाळा जगापुढे कसा ठेवायचा हा आपल्या इभ्रतीचाही प्रश्न आहे. इथे चांगली विक्री आणि चांगली वागणूक एकाच दिशेला जातात, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मग मार्केटिंगनं काय साधतं

प्रयोगातून निघणारा अर्थ मी असा लावतो: मार्केटिंग तुम्हाला जिंकवत नाही. ते पहिल्या थोड्या गोट्या कुणाच्या हातानं निघतील एवढंच ठरवतं. म्हणून सुरुवातीला येणारी माणसं खूप असण्यापेक्षा योग्य असणं मोठं.

नातेवाइकांना फुकट की वाटून परीक्षणं लिहून घ्यायचा उद्योग करू नका. फुकट मिळालेल्या प्रतींवरची परीक्षणं स्टीम एकूण शेऱ्यात धरतच नाही, आणि विकत घेतलेल्यांची दहा परीक्षणं होईपर्यंत शेरा दिसतही नाही. म्हणजे मामानं कौतुकानं लिहिलेलं परीक्षण हिशोबात शून्य. मामा-मावशीला विकत घ्यायला लावलं तरी दुसरं नुकसान होतं. आयुष्यात दुसरा गेम न घेतलेल्या मामावरून दुकानाच्या यंत्राला कळेना की हा गेम अजून कुणाला दाखवावा. पैसे देऊन विशलिस्ट जमवण्याचंही तसंच. तो उलट्या यादीचाच प्रयोग आहे, फक्त तुमच्या खर्चानं.

त्यापेक्षा पान लवकर उघडा, गेम यायच्या कित्येक महिने आधी, म्हणजे खूण करून ठेवायला लोकांना वेळ मिळेल. खूण केलेल्यांना गेम आल्यावर दुकान स्वतः मेल पाठवतं, पुढे २० टक्के किंवा जास्त सूट दिली की पुन्हा पाठवतं. खेळून बघायचा फुकट नमुना द्या. मोंढ्यात मूठभर माल हातात घेऊन बघितल्याशिवाय कुणी भाव बोलत नाही, इथेही नाही. स्टीमवर वर्षातून तीनदा, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये, नेक्स्ट फेस्ट नावाची नमुन्यांची जत्रा भरते. एका गेमला तिथे एकदाच जाता येतं, त्यामुळे कच्चा नमुना घेऊन धावू नका. आणि त्या जत्रेत अनोळखी माणसं तुमचा गेम पंधरा मिनिटांत सोडून जात असतील, तर ते मार्केटिंगचं अपयश समजू नका. ती फार स्वस्तात मिळालेली खरी माहिती आहे.

राहिला नशिबाचा भाग. तो आहे, आणि त्याला लाजायचं कारण नाही. पण एकाच डब्यात सगळी पुंजी लावू नये एवढं तरी गणित शिकवतं. चार वर्षांच्या एका गेमपेक्षा वर्षभरात संपणारे लहान गेम, दर वेळी काय शिकलो ते लिहून ठेवत, हा मधल्या पट्टीतल्या माणसासाठी जास्त शहाणा डाव. किती पैसे आणि किती महिने बुडाले तर चालतील हा आकडा गेम सुरू करायच्या आधी घरच्यांसमोर कागदावर लिहा. नंतर लिहिलात तर तो आकडा वाढतच जातो.

आणि गेम पडला, तर पडल्याचा हिशोब जाहीर लिहा. पानाला किती जणांनी भेट दिली, किती जणांनी खूण केली, किती प्रती गेल्या, किती परत आल्या, सगळं मराठीत. लातूरच्या फलकावर जो छेद कुणी लिहीत नाही, तो निदान आपल्या या छोट्या जगात तरी लिहायला सुरुवात करू. असे दहा-वीस हिशोब जमले, तर पुढच्या मुलाला सल्ला देताना मला प्रयोगातल्या गाण्यांकडे जावं लागणार नाही. आपल्याकडचेच आकडे असतील.